तू बादली आहेस का?

टिटवी परत आली. तिची कुपी वाळवंटात अलगद उतरली, आत लघुग्रहाची चिमूटभर माती सापडली, सातिवलीत पेढे वाटले गेले. झालं. आता हे वाचलंच नाही असं समजा. टिटवी अजून आकाशात कुठेतरी लंगडते आहे, आणि निर्मळ गावातल्या घरात विद्याधर पलंगावर पडून छताकडे रागाने बघताहेत.

टिटवी म्हणजे त्यांच्या मुलीच्या, ज्ञानदाच्या, कंपनीचं यान. ते चालवायची खोली सातिवलीत, बादल्या बनवणाऱ्या गाळ्याच्या माळ्यावर होती. परतीच्या वाटेवर टिटवीचं इंधन गळालं, तोल सांभाळणारी चाकं एकेक करून बसली, मोठा अँटेना मोडला. उरला एक बारीक सूर. प्रश्न पाठवायचा, उत्तर हो असेल तर ती क्षणभर सूर थांबवायची, नसेल तर नाही. पण बिघडलेलं यंत्र उगाचही गप्प होतं. म्हणून ज्ञानदाने नियम केला: रोज पहिला प्रश्न असा, ज्याचं उत्तर 'नाही' असंच यायला हवं. 'तू बादली आहेस का?' याला टिटवी हो म्हणाली, तर त्या दिवशी तिच्या कुठल्याच होवर विश्वास ठेवायचा नाही.

मग बाबांना अर्धांगवायू झाला. ज्यांच्या गप्पांच्या धास्तीने गाव स्कूटर बंद न करताच नमस्कार करून जाई, त्यांची वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत. ज्ञानदाने तोच नियम घरी आणला. हात दाबला तर हो.

"बाबा, तुम्ही केळीचं झाड आहात का?"

बोटं ढिम्म. डोळ्यांत मात्र सगळ्या बागेला पुरून उरेल इतका संताप.

"चालतंय यंत्र," ती म्हणाली.

"बापाला यंत्र म्हणतेस, सटवे!" आनंदीआत्या ओरडली. पण दुसऱ्या दिवसापासून तीही पेज भरवण्याआधी धाकट्या भावाला विचारू लागली, "विद्या, केळ आहेस का रे तू?"

टिटवी पोचायच्या दिवशी बाबांचा श्वास घुरघुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तेवढ्यात ऑफिसातून निमिषचा फोन. "ज्ञानदा, इंधन नसताना नुसत्या उन्हाच्या रेट्यावर तिला तोलून धरणं तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही यार. आज चुकली तर पृथ्वीच्या बाजूने निघून जाईल. मग नाहीच."

ती बाबांजवळ बसली. यान उडाल्यापासून ते रोज संध्याकाळी विचारायचे, "तुझी पोर कुठवर आली?" त्यांचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "बाबा, मी जाऊ का?"

हात दाबला गेला.

स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआडूनही 'बघू' म्हणालेला माणूस एका दमात हो म्हणाला. तो हो तिला इतका हवा होता, की तिने केळीचा प्रश्न विचारलाच नाही. स्कूटर काढली.

सातिवलीत पोचल्यावर मात्र तिने आधी विचारलं, 'तू बादली आहेस का?' सूर अखंड. मग, 'कुपी सोडू का?' सूर थांबला. कुपी सोडून टिटवी हवेत जळून गेली. निमिष खुर्चीवर चढून नाचला. खालच्या गाळ्यातून कौतुकाने एक कोरी बादली आली. पेढ्यांचं तुम्ही वाचलेलंच नाही.

ज्ञानदा बादली घेऊन घरी आली, तेव्हा अंगणात चपला फार होत्या.

"तू गेलीस तसं मी विचारलं, पाणी देऊ? दाबला," आत्या सांगत होती. "पंखा बंद करू? दाबला. ज्ञानूला परत बोलावू? दाबला गं, केवढ्या जोरात. फोन हातात घेतला आणि तुझा नियम आठवला. म्हटलं, विद्या, केळ आहेस का रे तू?"

"मग?"

"दाबला. मग फोन ठेवला मी. तूच म्हणायचीस ना, त्या दिवशी कुठलाच हो धरायचा नाही."

ज्ञानदाच्या हातातली बादली कोणीतरी काढून घेतली आणि पाणी भरायला नेली.

तेराव्यानंतर तिने कंपनीत रीतसर अर्ज दिला:

'मा. मोहीमप्रमुख यांस. विषय: एक प्रश्न पुन्हा पाठवणेबाबत. महोदय, मोहीम संपल्याने आपला अँटेना सध्या रिकामा आहे. तरी तो निर्मळच्या वरच्या आकाशाकडे वळवून अर्जदारास दोन प्रश्न पाठवू द्यावेत. पहिला केळीचा. त्याला नाही आलं, तरच दुसरा: मी जाऊ का? त्यालाही नाही आल्यास कुपीतली माती जिथून आणली तिथे स्वखर्चाने नेऊन ठेवण्यास अर्जदार तयार आहे. उत्तर येईपर्यंत अर्जदार जागेवरच थांबेल, या वेळी कुठेही जाणार नाही. तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'