मोजायचा राहिलेला महिना

मी शेवंता बोलतेय. भिंगारच्या छगन टांगेवाल्याची घोडी. रंग तांबडा, वय पाच, स्वभाव तापट, असं लोक म्हणतात. मी तापट नाही. मला गोष्टी जरा उशिरा कळतात आणि तोवर लोक ओरडायला लागलेले असतात, एवढंच.

माझा जन्म कोल्हारचा, प्रवरेच्या काठचा. तिथे हिरवा घास पोटभर मिळायचा. तीन वर्षांची झाले तसं छगनने मला आणलं आणि टांग्याला जुंपलं. भिंगारच्या बाजारातून नगरला जायचं, नगरहून भिंगारला यायचं. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. ठरलेलं असलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं.

मग बहात्तर सालच्या माघी पौर्णिमेला छगनने मला शेजारच्या वाडीत आसारामच्या घोड्याकडे नेलं. तेव्हापासून काहीच ठरलेलं राहिलं नाही.

उन्हाळ्यात छगनला कुठूनतरी उसाचं वाढं मिळालं. दुसरं काही नव्हतंच, मी तेच खात राहिले. पोट हे एवढं फुगलं. "राहिली बरं का आमची शेवंता! लई मोठं शिंगरू हाय," असं छगन प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला. काय राहिलं, कुठे राहिलं, मला काही कळलं नाही. पण तो खूश होता, म्हणून मीही मान ताठ करून चालू लागले.

पुढे पाऊस आलाच नाही. वाढं संपलं, कडबा मिळेना. पोट उतरलं, बरगड्या दिसू लागल्या. "खालीच हाय ही," छगन म्हणाला आणि तोंड पाडून बसला. माझ्याकडून काहीतरी हरवलं असं मला वाटलं. रस्त्यात कुठे पडलं असेल का, म्हणून दोन दिवस मी खाली बघत चालले.

गिऱ्हाईक आटलं तेव्हा छगनने टांगा भिंतीला लावला आणि मला पाण्याच्या गाड्याला जुंपलं. पाथर्डी रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. शेकडो माणसं उन्हात खडी फोडायची, त्यांना आम्ही पिंपातून पाणी न्यायचो. पिंप जड होतं. पण पाणी दिसलं की त्या बाया हातोडी टाकून धावत यायच्या, म्हणून मी कुरकुर केली नाही.

शेजारी मुबारकबी राहायची. तिचा नवरा फौजेच्या घोड्यांचा सईस होता. तो वारला, पण त्याचं निम्मं ज्ञान हिच्याकडे राहिलं होतं. एके दिवशी मी गार पाणी प्यायले, तशी ती आली आणि माझ्या कुशीला तळहात लावून उभी राहिली. तेवढ्यात मला कुणीतरी लाथ मारली. मी गर्रकन मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं!

"हाय रे छगन, पोटात हाय," मुबारकबी म्हणाली.

"पोट कुठं दिसतंय?"

"पहिलटकरणीचं पोट लपतं. तू पोट नको बघू, पाठीवर हात फिरव. कणा कसा वर आलाय बघ. आपल्या अंगातलं काढून त्याला देतीय ती. तिला मूठभर हरभरा घाल, न्हाईतर दोघंबी जातील."

दोघं म्हणजे कोण? मी आणि छगन?

त्या दिवसापासून छगनची बायको राहीबाई आपल्या वाटणीतला हरभरा भिजवून मला देऊ लागली. छगनने बोटं मोजली. घोडीला अकरा महिने लागतात, माघात नेली होती, म्हणजे पौष. "पौष लागायच्या आत कामावरनं काढतो," तो म्हणाला. मार्गशीर्षात माझी कास सुजली. त्याला वाटलं पट्टा घासला. त्याने हळद-तेल लावलं. मलाही पट्ट्याचाच राग आला.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला गाड्याला जुंपत होता. माझ्या सडांवर मेणासारखे थेंब आले होते आणि मला उभंही राहवत नव्हतं, बसवतही नव्हतं. मुबारकबी लगबगीने आली आणि तिने गाड्याची दांडी धरली.

"सोड तिला. आज वाटंतच व्याली तर शिंगरू खडीत पडंल."

"अजून महिना हाय, चाची. माघ ते मार्गशीर्ष, धाच झालं."

"बकरी ईदीनंतर चौथ्या दिवशी नेलीस ना? मी चांद मोजलेत. अकरा झाले."

"तुमचा चांद येगळा हाय का?"

राहीबाई चुलीपुढून एकदम उठली. "अगं बाई! औंदा धोंड्याचा महिना हुता की! वैशाख दोनदा आला. जावयाला धोंडं मीच खाऊ घातलं आन् मीच इसरले!"

छगनने मला सोडवलं.

उन्हं वर यायच्या आत माझ्यातून काहीतरी बाहेर पडलं. ओलं, लांब पायांचं. ते हललं आणि मी भिंतीपर्यंत पळाले. खरं सांगते, मला त्याची भीती वाटली. ते धडपडत उठलं, माझ्यामागे आलं आणि नेमकं दुखऱ्या कासेलाच तोंड लावलं. मी किंचाळून लाथ झाडली. ते पडलं. पुन्हा आलं, पुन्हा पडलं.

"दुपारच्या आत चीक पोटात गेला न्हाई तर जगायचं न्हाई," मुबारकबी म्हणाली. छगन माझा पाय बांधायला दोरी घेऊन आला. राहीबाई रडू लागली. सगळे माझ्यावर रागावले होते. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की माझं चुकतंय तरी काय!

तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ते उठलंच नाही. आडवं पडून बारीक आवाजात खिंकाळलं. त्यावर माझ्या घशातून एक आवाज निघाला. तो मी आधी कधी काढला नव्हता, कुणी शिकवलाही नव्हता. मी जवळ गेले आणि त्याला चाटू लागले. पाठ, मान, कान. मी चाटत राहिले, तसं ते उठलं आणि कासेला लागलं.

"दोरी टाक," मुबारकबी हळूच म्हणाली.

आता ते वीस दिवसांचं झालंय. छगन मला अजून गाड्याला लावत नाही, पिंपाच्या गाड्याला तो कुणाचा तरी बैल मागून आणून जुंपतो. ते कोण आहे, माझ्यात कधी शिरलं, हे मला अजूनही नीट उमगलेलं नाही. तुम्ही बघायला आलात तर या, पण ते पीत असताना जरा लांब उभे राहा. कास अजून दुखते आणि पाय उचलावासा वाटतो. मी तो उचलत नाही.