पीयूषिकेचा मारा आणि रुपाचा गळा

मी एक जुनी ग्रंथी आहे; वाटाण्याएवढी, मेंदूच्या तळाशी अस्थींच्या आसनावर बसलेली. विद्वज्जन मला पीयूषिका म्हणतात. मित्रांनो, तलमडुगू गावच्या रुपाच्या जन्माआधीपासून मी तिच्या सेवेत आहे. माझ्यावरचा अधश्चेतक नावाचा मेंदूचा भाग मला आज्ञा देतो. मग मी रक्तातून एक संप्रेरक धाडते आणि गळ्यातील अवटू ग्रंथी आपल्या रसाने देहाला ऊब व चैतन्य देते. तो रस पुरेसा झाला, की मी मौन धरते.

रुपाच्या लग्नानंतर अवटू क्षीण झाली. रस जसजसा आटला, तसतसा मी संप्रेरकाचा मारा वाढवला. थकल्या बैलाला झोडपावे तसे मी तिला झोडपले. दुसरे साधन मजपाशी नाही. ती सुजली, फुगली, परंतु रस देईना. रुपा भर उन्हात कुडकुडे. कापूस वेचताना तिला झोप लागली, तेव्हा नवरा भारत तिला केस धरून सरीतून फरफटत घरी घेऊन आला.

गळ्याची गाठ दिसताच सासू बयनाबाईंनी घरची रीत काढली : गाठीवर तापल्या विळ्याचा डाग.

“धर रे भारत तिले! काऊन हलून राह्यली वं? तुह्या भल्याचंच करून राह्यली मी.”

“आत्याबाई, नोका ना!”

लाल पाते टेकले. कातडी चरचरली. रुपाने भारतच्या मनगटाचा लचका तोडला. त्याने तिचे डोके भुईवर आपटले. मी आसनासकट हादरले. दुसरा डाग खोल द्यावा म्हणून विळा पुन्हा चुलीत गेला. गाठीखाली श्वासनलिका होती.

विळा बाहेर निघताच नणंद मयूरीने आपल्या गळ्याची ओढणी ओरबाडून फेकली. “आई, मलेबी डाग! माह्याबी गळ्याले गाठ हाय. तुह्या विळ्याच्या भेवानं लपवून राह्यली होती.”

बयनाबाईंनी लेकीचा गळा चाचपला. “तुले कसं डागू वं, पोरी?”

“मंग तिले कसं डागलं?”

विळा हातातून सुटून बयनाबाईंच्या पायावर पडला. या वेळची किंकाळी त्यांची होती.

आदिलाबादच्या दवाखान्यात दोघींचे रक्त तपासले. दोन्हीकडे माझ्या जातीचे संप्रेरक उफाळलेले आढळले. रोज अनशापोटी अवटूच्या रसाची एक गोळी सुरू झाली. रसाची उणीव भरली, तसा मी मारा आवरला.

मित्रांनो, मला वाचा नाही. माझा आक्रोश केवळ रक्तात उमटतो. गळा फुगलेला दिसला तर तो आक्रोश रक्तात शोधा, विस्तवात नव्हे. रुपा आता हसते. पण जळकी कातडी ताणली जाते आणि ते हसू अर्ध्यावरच थांबते.