मंजूर पाणी

औषधांच्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नांदेडच्या समितीपुढं कमलम्मा सिस्टर दोन अर्ज घेऊन उभी होती. औशाकडच्या एका खेड्यात मुतखड्याच्या नव्या पुडीचा अभ्यास चालू होता. बावीस माणसं रोज पुडी घेत आणि वर तीन लिटर पाणी पीत. निदान कागदावर पीत. दुष्काळानं टँकर चौथ्या दिवसावर गेला होता आणि कोरड्या पुडीनं त्यांतल्या नागाबाईच्या लघवीतून रक्त जात होतं. पाणी नाही, पुडी थांबवा, एवढंच एका अर्जात होतं. सिस्टरनं परस्पर थांबवली तर नोकरी जाईल, हे तिला लेखी कळवलेलं होतं. दुसरा अर्ज कारकुनाचा: लातूर जिल्हा वेगळा झाला, तरी संमतीपत्रावर अजून उस्मानाबादच.

समितीनं दुसरा अर्ज आधी घेतला. पाऊण तास घेतला. ठराव झाला: नवी पत्रं छापावीत, वाचून दाखवावीत, प्रत्येकाचा अंगठा नव्यानं घ्यावा.

"आणि पाण्याचं, सर?"

अध्यक्ष लक्ष्मणरावांनी चष्मा काढला. "सिस्टर, तीन लिटर या समितीनं मंजूर केलंय. मंजूर पाणी कमी कसं होईल?"

"टँकरच येईना, सर."

"टँकर अभ्यासाचा भाग नाही. तीन महिन्यांनी आणा. चहा घेऊन जा."

कमलम्माला राग आला नाही. राग माणसांवर येतो.

नवी पत्रं घेऊन तिनं बावीस जणांना शाळेच्या ओसरीत बसवलं. मागं अभ्यासाच्या डॉक्टरांनी 'इथं अंगठा' एवढंच वाचलं होतं. ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली. अकराव्या कलमात होतं, कुणीही केव्हाही, कारण न देता अभ्यास सोडू शकतो. त्याचा उपचार बंद होणार नाही.

"थांब माय," नागाबाई म्हणाली. "पुन्यांदा वाच."

तिनं वाचलं.

"हे आधी बी लिवलं व्हतं?"

"हाव."

"अन् तो मुडदा डागदर, पुडी चुकली तर दवाखाना बंद म्हनून राहिला व्हता!"

नागाबाईनं अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि पुड्यांचा डबा पुढं सरकवला. मागोमाग एकवीस डबे आले. त्याच दुपारच्या एसटीनं कमलम्मानं नागाबाईला लातूरच्या दवाखान्यात नेलं.

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे: जिल्ह्याचे नाव दुरुस्त झाल्याबद्दल समिती समाधान व्यक्त करते. सहभागी: निरंक. पाण्याचा अर्ज विचाराधीन.