डिसेंबरातला रुंद रस्ता

आर्वोने ट्रॅक्टर मागे घेतला, पुढचं बकेट जमिनीला टेकवलं आणि कडेचा बर्फाचा बांध आणखी हातभर मागे रेटला. बर्फ कुरकुरत शेतात सरकला. तो पुन्हा मागे आला आणि पुन्हा रेटू लागला.

लेम्पी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याकडे बघत होती. टेबलावरची त्याची कॉफी केव्हाच निवली होती. वेलदोड्याचा पाव तिने कापून ठेवला होता, तोही तसाच होता.

घरापासून सडकेपर्यंतचा हा रस्ता सहाशे पावलांचा. लग्नानंतरचे एक्केचाळीस हिवाळे तिने त्यावरचा बर्फ निघताना पाहिला होता आणि आर्वोची पद्धत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. पडेल तो बर्फ कडेला लोटायचा. कडेचे बांध वाढत गेले की रस्ता आकसतो, म्हणून जानेवारीच्या मध्यावर ते एकदा मागे सारायचे आणि फेब्रुवारीअखेर पुन्हा एकदा. दरवेळी तीन-चार फूट, त्याहून इंचभर जास्त नाही. पेट्रोल उगाच जाळणारा माणूसच नव्हता तो. आज डिसेंबरची सहा तारीख होती, बर्फ जेमतेम गुडघाभर होता, आणि न्याहारीपासून तो दोन्ही बाजूंना बारा-बारा फूट सारत सुटला होता.

मंगळवारी तो शहरातल्या इस्पितळात तपासणीचा निकाल आणायला एकटाच गेला होता. परत आल्यावर त्याने टोपी खुंटीला अडकवली आणि काही विशेष नाही, नवीन वर्षात बोलावलंय, दोन-चार दिवस राहावं लागेल, एवढं सांगितलं. लेम्पीने दोनदा खोदून विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर, त्याच शब्दांत. आर्वोला खोटं बोलायला जमत नसे, म्हणून तो ते थोडक्यात बोलत असे. उरलेलं केव्हा सांगतो याची वाट बघण्यात तिचे तीन दिवस गेले होते.

शेवटी तिने कॉफी थर्मासमध्ये भरली, बूट चढवले आणि ती बाहेर पडली. ती पोचते तोवर आर्वो सडकेच्या तोंडाशी गेला होता आणि शेजारच्या वॉल्फ्रेडने आपला ट्रक तिथे थांबवला होता. वॉल्फ्रेडच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय रे आर्वो, विमान उतरवणार आहेस काय इथे?"

"उतरलं तर उतरू दे," आर्वो म्हणाला.

"लेम्पी, आवर गं याला. एप्रिलपर्यंतच्या बर्फाची जागा आजच करून ठेवतोय."

तो हसत निघून गेला. लेम्पी मात्र थर्मास हातात धरून तिथेच उभी राहिली. वॉल्फ्रेड थट्टेत बोलला होता, पण बोलला ते खरं होतं. एवढ्या रुंदीत सबंध हिवाळ्याचा बर्फ मावला असता. जानेवारीत बांध मागे सारायला नको, फेब्रुवारीत नको. ज्याला ट्रॅक्टर चालवता येत नाही, अशा माणसालाही पुरेल असा रस्ता होता तो. आणि या घरात ट्रॅक्टर चालवता न येणारं माणूस एकच होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने तो सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीत घातला होता, त्यानंतर तो विषय कोणी काढला नव्हता.

मग तिने पूर्वेच्या कडेला पाहिलं. तिथे आर्वोच्या रासबेरीची रांग होती. मुलांचे झाले नसतील एवढे लाड त्याने त्या झुडपांचे केले होते. त्यांच्यावर बांध पडून काटक्या मोडू नयेत म्हणून तेवढ्या पट्ट्यातला बर्फ तो दर वर्षी रस्त्याच्या पलीकडे नेऊन टाकत असे. आज बर्फ सरळ रांगेवर गेला होता. एकच वाकडी काटकी वर आलेली दिसत होती.

लेम्पीने थर्मास ट्रॅक्टरच्या चाकावरल्या पत्र्यावर ठेवला, सीटमागे बांधलेलं फावडं सोडवलं आणि ती झुडपं मोकळी करू लागली.

"राहू दे," आर्वो वरून म्हणाला. "जुलैत फळं कोण वेचत बसणार आहे?"

बोलून गेल्यावर त्याने नजर सडकेकडे वळवली. इंजिन चालूच होतं.

"मी," लेम्पी म्हणाली.

तिला राग आला होता. तीन दिवस हा माणूस तिच्यासमोर बसून बटाटे खात होता आणि मूग गिळून होता. रागाखाली भीती होती, पण आधी राग होता.

"किती दिवस देतायत डॉक्टर?"

आर्वोने हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"दिवस नाही सांगत ते. वसंतापर्यंत तरी, म्हणाले. पुढचं बोलले नाहीत."

लेम्पीने मान हलवली. मग तिने फावडं बर्फात रोवलं.

"उतर खाली. कुठला दांडा कशाचा, ते दाखव."

"सॉनाची भिंत विसरलीस वाटतं."

"ती भिंत तू मुळात तिरकीच बांधली होतीस."

तो उतरला. ती चढली. त्याने पायरीवर उभं राहून दाखवलं: हा बकेट उचलायचा, हा टेकवायचा, डावा पाय सावकाश सोडायचा. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा ट्रॅक्टर उडी मारून पुढे गेला आणि रस्त्याची कड कळावी म्हणून आर्वोने ऑक्टोबरात रोवलेली एक काठी त्याखाली आडवी झाली. आर्वोने ती उचलून काखेत धरली आणि तो मागून चालत राहिला. तिसऱ्यांदा बर्फ सरकला.

घरापर्यंत जाऊन ती परत आली. रासबेरीपाशी तिने ट्रॅक्टर थांबवला, इंजिन बंद केलं आणि पुन्हा फावडं घेतलं. काटक्यांवरचा बर्फ ती रस्त्याच्या बाजूला टाकू लागली.

"इथे रस्ता अरुंद होईल," आर्वो म्हणाला.

"होऊ दे. जानेवारीत मी सारीन मागे."

तो दुसरं फावडं आणायला घराकडे निघाला. चार पावलांवर थांबला, मागे आला आणि ट्रॅक्टरपाशी वाकला.

"उतरताना पेट्रोलचा नळ बंद करायचा," तो म्हणाला. "दर वेळी."

"कुठे आहे?"

त्याने हातमोजा काढून बोट दाखवलं. लेम्पी फावडं टाकून बघायला गेली.