फुग्याच्या हाताची असेंब्ली

बाटल्या भरणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तिचं काम होतं ते कॉम्प्युटरवर यंत्र जोडायचं. एकेका भागाचं चित्र काढणारे वेगळे होते. कुणी पट्टा काढायचा, कुणी झाकण बसवणारं डोकं, कुणी नुसती चौकट. ते सगळे भाग एका असेंब्लीत आणायचे, कुठला भाग कशाला टेकेल, कुठली दांडी कुठल्या भोकात फिरेल ते ठरवायचं आणि यंत्र पडद्यावर चालवून बघताना काही एकमेकांत घुसत नाही ना हे तपासायचं, ही तिची जबाबदारी. एखाद्याने भागांची बंधनं भलतीच लावून ठेवली की पडद्यावर लाल खुणांचा सडा पडायचा आणि तो माणूस चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी घुटमळायचा. ती चार शब्द सुनावायची आणि दुरुस्त करून द्यायची. तिच्या तोंडाला सगळे वचकून असत.

वचकत नसे तो एकटा तिचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याचे गाल असे होते की शेजारीपाजारी येता-जाता ओढायचे, म्हणून तो फुग्या. पुढे गाल गेले, नाव राहिलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आईवडील गेल्यावर दोघं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होती. भांडणाशिवाय दिवस जात नसे आणि एकमेकांवाचून पान हलत नसे.

मग फुग्याच्या हातातून ब्रश गळायला लागला. आधी त्याने ब्रशला नावं ठेवली, मग रंगाला, मग थंडीला. शेवटी तिने त्याला ओढतच इस्पितळात नेलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उजव्या हातापासून सुरुवात झाली होती, पण आजार तिथे थांबणार नव्हता. औषधाने वेग थोडा कमी होईल, एवढंच.

बाहेर पडताना फुग्या म्हणाला की डॉक्टरांच्या दारावरच्या पाटीतला ‘क्ष’ अगदी पोटात दुखत असल्यासारखा काढलाय. ती हसली नाही. तिच्या डोक्यात काम सुरू झालं होतं.

हाताचं वजन दुसऱ्या कशाने तरी पेललं तर बोटांना फक्त ब्रश धरायचं काम उरेल, असा तिचा हिशेब होता. साहेबांची परवानगी काढून ऑफिसचं काम संपल्यावर ती तिथेच बसू लागली. फुग्याचा दंड, कोपर, मनगट सगळं मोजून आणलं. मापं घेताना तो म्हणाला होता, “लग्नाचा कोट शिवतेस की काय?” त्या मापांवरून तिने पडद्यावर एक साधा हात काढला, खांदा आणि कोपर वळणारा, आणि बाकी सगळं त्या हाताभोवती बांधलं. टेबलाला धरणारा शिकंजा, दोन दांड्या, वजन उचलून धरणाऱ्या स्प्रिंगा, कोपराखालची गादी. पडद्यावरचा हात वळवला की दांड्या मागोमाग वळत. कारखान्यातल्या फिटरने भाग बनवून दिले आणि बदल्यात काहीही घ्यायला नकार दिला.

पहिला आधार चालला. फुग्याने त्यात हात ठेवला, ब्रश बुडवला आणि एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवून पुरी केली. त्या दिवशी दोघांनी खिडकीत बसून उगाचच येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांवर शेरे मारले. इतकं हसली की फुग्याला ठसका लागला.

पण हात वाळत चालला होता. वजन कमी झालं तसा स्प्रिंगांचा जोर जास्त पडू लागला आणि त्याचा हात आपोआप वर जाऊन तरंगू लागला. “वर्गात उत्तर येतंय असं वाटतंय,” तो म्हणाला. तिने नव्याने मापं घेतली, पडद्यावरचा हात बारीक केला, दुसरा आधार केला. तो येईपर्यंत मनगट लुळं पडलं होतं. तिने तिसरा करायला घेतला. आता ती घरीही कॉम्प्युटर उघडून बसायची. फुग्याचं बोलणं जड झालं होतं, शब्द तोंडात घोळायचे, आणि ती पडद्यावरची नजर न काढता हं हं करायची. त्याला भरवतानाही तिचं लक्ष त्याच्या कोपराकडे असे.

एका संध्याकाळी त्याने तिला हाक मारली. तिने थांब म्हटलं. त्याने पुन्हा मारली.

“ताई, तू माझ्या हाताशी बोलतेस,” तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. “माझ्याशी कधी बोलणार?”

तिने पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, एवढा एक होऊ दे, मग बसतेच तुझ्यापाशी.

तिसरा आधार तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम होतं. पडद्यावर कुठे एक लाल खूण नव्हती. आधार घरी आणला त्या दुपारी तिने फुग्याचा हात पट्ट्यांनी नीट बांधला, बोटांत ब्रश दिला. हात अलगद उचलला गेला, डावीकडून उजवीकडे सरकला. ब्रश खाली पडला. तिने उचलून पुन्हा दिला, पुन्हा पडला. बोटं मिटतच नव्हती. तिच्यासाठी म्हणून तो प्रयत्न करत राहिला, कपाळावर घाम येईपर्यंत.

“छान झालंय गं,” तो म्हणाला. “राहू दे आता.”

तिने पट्टे सोडले. मग ती त्याच्या पलंगावर बसली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन रडली. त्या दिवसापासून तिने घरी कॉम्प्युटर उघडला नाही. रजा टाकली. ती त्याला खिडकीशी बसवायची आणि समोरच्या दुकानांच्या नव्या छापील पाट्या मोठ्याने वाचायची. पाटी वाईट असेल तर तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. सगळ्याच वाईट असायच्या. त्याचं बोलणं पूर्ण बंद झालं तरी हा खेळ चालू राहिला. एका पहाटे झोपेतच त्याचा श्वास थांबला.

ती कामावर परत गेली. काही दिवसांनी इस्पितळातून, फुग्याला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. एका शिक्षिकेला तोच आजार झाला होता, तिला लिहायचं होतं. तुमच्या भावासाठी केलं होतं तसं काही जमेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

तिने असेंब्ली उघडली. पडद्यावर फुग्याचा हात होता. त्याच्या फाइलमध्ये नवी मापं भरली असती तर सगळे भाग आपोआप बदलून काम झटपट झालं असतं. पण तो हात मग त्याचा राहिला नसता. नुसती असेंब्ली दुसऱ्या नावाने ठेवली तरी ती जुन्याच भागांच्या फाइली वापरते आणि मापं त्यांतच बदलतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने हातासकट एकेका भागाची वेगळी प्रत केली, प्रत्येकाला नवं नाव दिलं, आणि मगच मापं बदलली.

आधार बसवायला ती स्वतः इस्पितळात गेली. शिक्षिका हसतमुख होती. मनगटाचा पट्टा लावून घेताना तिने विचारलं, “हे आधी कुणासाठी केलं होतं?”

“माझ्या भावासाठी. पाट्या रंगवायचा तो.”

“त्यांना उपयोग झाला?”

“झाला,” ती म्हणाली. “थोडे दिवस.”

शिक्षिकेने कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, वाकडं पण वाचता येईल असं, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनेही हसून शिक्षिकेला शाबासकी दिली, स्प्रिंग कशी घट्ट-सैल करायची ते समजावलं, हत्यारं पिशवीत भरली आणि निरोप घेतला. जिन्यापर्यंत ती व्यवस्थित चालली. मग ती पायरीवर बसली. वर जाणाऱ्या एका बाईने वाट मागितली, तेव्हा ती भिंतीकडे सरकली, पण उठली नाही.