सर्वांची तीच वीट

भट्टीच्या अस्तरासाठी वापरता येईल अशा एका हलक्या, उष्णतारोधक विटेवर गेल्या दहा वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा आढावा लिहिण्याचे काम तंत्रज्ञ मंडळाने माझ्याकडे सोपवले होते. झालेली प्रगती लिहून संपली होती. 'संशोधनाच्या पुढील संधी' हे प्रकरण चारही प्रयोगशाळांच्या प्रमुखांसमोर वाचून कायम करायचे होते, आणि त्यात पहिलाच प्रकल्प माझ्या भाचीचा होता: अशा विटांनी एक संपूर्ण भट्टी बांधणे. तो मंजूर झाला तर तिची हंगामी नोकरी कायम होणार होती. नाही तर वर्षअखेरीस संपणार होती. आमचे नाते मी संचालकांना आधीच कळवले होते. निर्णय त्यांचा, लेखणी तेवढी माझी.

मुखपृष्ठावरील छायाचित्रासाठी प्रत्येकाने आपापली वीट आणावी, असे मी सुचवले होते. टेबलावर मात्र चार काप आले.

"अख्खी वीट का नाही आणली?" मी विचारले.

"अहो, मूळ विटेचाच काप आहे हा," रसायनवाल्या बाई अभिमानाने म्हणाल्या. "नमुना बदलला तर तुलना कशाशी करणार?"

"आमचाही मूळ विटेचाच," यंत्रशाळेचे प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या उंचीमुळे विद्यार्थी त्यांना जिराफ म्हणत. सूक्ष्मदर्शकवाल्या डॉक्टरांनीही मान डोलावली. चौथा काप आपल्या प्रमुखांच्या वतीने माझी भाची घेऊन आली होती, आणि टेबलाच्या टोकाला संचालक बसले होते.

चित्रात नीट बसावेत म्हणून मी काप शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या कापावरची तपकिरी रेघ दुसऱ्यात शिरली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि चौथ्याच्या कडेला जाऊन थांबली. माझे हात तिथेच राहिले. दहा वर्षांचे संशोधन माझ्यासमोर पडले होते, आणि ती जेमतेम पाऊण वीट होती.

"दुसरी वीट कोणी केली?" मी विचारले.

पहिली वीट करणारे गृहस्थ आता हयात नव्हते. त्यांनी कृती मात्र रीतसर प्रसिद्ध केली होती.

जिराफांनी आपला काप जवळ ओढला. "आम्ही केली होती. तडकली. वाटलं, भट्टी जुनी आहे आपली."

"तुमचीही?" बाई ताडकन वळल्या. "मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तुम्ही बोललात?"

"मी म्हटलं, आमच्याच पोरांनी माती नीट चाळली नसेल. चारचौघांत कशाला शोभा करून घ्यायची!"

डॉक्टर चष्मा पुसत पुटपुटले, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

नाचता येईना अंगण वाकडे म्हणणारे मी जन्मभर पाहिले. येथे प्रत्येकाने त्या प्रसिद्ध कृतीचे अंगण निर्दोष ठरवून दोष आपल्याच पायांना दिला होता आणि ते पाय निमूटपणे पांघरुणात ओढून घेतले होते. माझे प्रगतीचे संपूर्ण प्रकरण त्या पांघरुणावर उभे होते.

आता एक भाचीच उरली होती. तिने गप्प बसावे, असे क्षणभर मला वाटून गेले. संध्याकाळी माझी बहीण आपल्या लेकीला दारातच विचारणार होती, "झाली का गं कायम?"

"मामा," ती म्हणाली, "आमचीही तडकली. दर वेळी."

"प्रस्तावात तर 'चाचणी सुरू आहे' असं लिहिलंयस," संचालक म्हणाले.

"सुरूच आहे. खोटं नाही ते."

"खरं आहे का?"

तिने नकारार्थी मान हलवली. "माझा प्रकल्प काढा, सर. जी वीट होतच नाही, तिची भट्टी कशी बांधणार?"

"तुझी मुदत वर्षअखेरीपर्यंतच आहे. ठाऊक आहे ना?"

"आहे."

संचालकांनी माझ्याकडे पाहिले. मी तिच्या प्रकल्पावर काट मारली. बाकीचे प्रकल्पही याच विटेवर उभे असल्यामुळे प्रकरणात आता मथळ्याखेरीज फारसे काही उरले नव्हते. संचालक कागद आवरून उठले.

"सर, तुमची कुठून तडकली?" भाचीने जिराफांना विचारले. "कडेने?"

"छे. मधोमध. उभी."

"उभी?" बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "आमचीही उभीच. तापताना काही नाही, निवताना."

"निवतानाच," डॉक्टर म्हणाले.

भाची चटकन पुढे झुकली. "आमचीही."

चार प्रयोगशाळांचे एकही माप या दहा वर्षांत एकमेकांशी इतके तंतोतंत जुळल्याचे मी वाचले नव्हते. उठलेले संचालक पुन्हा खुर्चीत बसले. त्या रिकाम्या मथळ्याखाली लिहायला मी घाईने लेखणी उचलली.

"थांबा हो मामा, लगेच लिहू नका," ती म्हणाली आणि आपली खुर्ची जिराफांच्या जवळ ओढली. "आधी सगळ्यांना नीट सांगू दे. सर, भट्टीचं दार तुम्ही केव्हा उघडलं होतं?"