शिंप्याच्या टेपने मोजलेली पावले

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, शिंप्याचा. अंगाने पिवळा, दोन्ही टोकांना पितळी पट्टी, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. शाहूपुरीतल्या एका लहानशा दुकानात गणपतराव शिंप्यांच्या गळ्यात मी एकवीस वर्षे राहिलो. शाळेचे गणवेश, नवरदेवांचे कोट, तालमीतल्या पैलवानांचे सदरे, सगळ्यांची मापे मी घेतली. पैलवानाने छातीत श्वास भरला की माझे अंग ताणले जाई. तरी मी कधी कुरकुर केली नाही.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. गणपतरावांची नजरही अधू झाली. दुकान बंद झाले आणि मी त्यांच्या कसबा बावड्याच्या घरी बटणांच्या डब्यात जाऊन पडलो. माझे पहिले दहा आकडे बोटांनी घासून पुसले गेले होते. आता आपल्याला कोण विचारतो, असे वाटून मी गप्प पडून राहिलो.

तो डबा उघडला गणपतरावांच्या नातीने, अनुजाने. ती तेव्हा सातवीत होती. तिने मला ओढ्याकाठी नेले, चिखलावर आडवे धरले आणि मुंगसाच्या पावलाचा ठसा मोजला. इतके लहान गिऱ्हाईक मी जन्मात पाहिले नव्हते!

मग दर रविवारी आम्ही दोघे बाहेर पडू लागलो. ससा, कोल्हा, उदमांजर, एकदा तर साळिंदर. अनुजा ठशाचे चित्र काढी, माप लिही, माती ओली होती की कोरडी तेही लिही. जवळ विष्ठा दिसली तर काडीने उकलून त्यात बिया आहेत की केस, ते पाही. जे ओळखू येत नसे, त्यापुढे ती सरळ ‘माहीत नाही’ असे लिही. तिच्या वहीत ‘माहीत नाही’ पुष्कळदा आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

आठवीत असताना मात्र ती चुकली. कागलकडच्या माळावर तिला एक मोठा ठसा दिसला. तो तरसाचा आहे, असे तिने वर्गात सगळ्यांना सांगितले. पंधरा दिवसांनी त्याच माळावर एका धनगराचा कुत्रा चिखलातून गेला, आणि त्याचा ठसा हुबेहूब तसाच निघाला. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आपणहून उभी राहिली आणि आपली चूक सांगितली. मुले हसली. आणखी कुठे चुकलो असू, म्हणून तिने मला शाळेच्या लोखंडी पट्टीशी लावून पाहिले. मी ताणून लांब झालो होतो! शरमेने मेल्यासारखे झाले. पण तिने मला टाकून दिले नाही. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिले, ‘हा टेप शंभराला दोन सेंटिमीटर कमी दाखवतो. पहिले आकडे पुसले आहेत, दहापासून मोजावे.’ माझे असे खरे माप कोणी घेतले नव्हते.

ती नववीत असताना, जानेवारीतल्या एका रविवारी, शेजारच्या तात्यासोंच्या शेतात ऊसतोड चालू होती. तोडणाऱ्या धोंडुबाईंना उसाच्या वाळल्या पानांच्या पाचटात तीन पिल्ले दिसली, अंगावर पुसट पट्टे असलेली. बिबट्याची पिल्ले म्हणून ओरड झाली. कोयते थांबले. आई उसातच असणार, फड चारी बाजूंनी पेटवून द्या, असे कोणीतरी म्हणाले. तात्यासोंनाही ते पटू लागले, कारण ऊस न्यायला आलेली कारखान्याची गाडी खोळंबली होती. बातमी ऐकून अनुजा मला खिशात कोंबून, वही घेऊन धावतच तिथे पोहोचली. तिने आधी वनखात्याला फोन लावायला सांगितला आणि दहा मिनिटे मागितली.

धोंडुबाई तिला म्हणाल्या, “बाई, माझं लेकरू बांधावर निजलंय. ती आई बाहेर आली तर कुणाला धरंल?”

अनुजाने आधी ते बाळ गाडीत नेऊन ठेवायला लावले. मग ती पाण्याच्या पाटाशी गुडघ्यांवर बसली. ओल्या चिखलात ठशांची रांग होती. नखे उमटली नव्हती, म्हणजे पाऊल मांजराच्या कुळातले. तिने मला एकेका ठशावर धरले. एक, दोन, पाच, दहा. मला तिने घट्ट, सरळ धरले होते.

“तात्या, ही बिबट्या न्हाय,” ती म्हणाली. “रानमांजर हाय.”

“आनि चुकलीस तर? मागं तरसाचं काय झालं, ठावं हाय मला.”

“चुकली हुती की. म्हणून आज बावीस ठसं मोजलं. तुमीच धरा टेप, तुमीच वाचा.”

तात्यासो वाकले. दहापासून मोजायचे, हे तिने दाखवले. त्यांनी तीनदा वाचले; एकही ठसा पाच सेंटिमीटरच्या वर जाईना. बिबट्याचा पंजा सात-आठचा असतो, हे तिने वहीत दाखवले. मग तात्यासोंनी हातातली काडेपेटी खिशात टाकली आणि पिल्लांभोवतीचा ऊस आज ठेवा, बाकीचा तोडा, असे सांगितले. वनरक्षकानेही फोनवर पिल्लांना हात लावू नका, लांब व्हा, असेच बजावले.

दिवस मावळताना सगळे लांबच्या बांधावर गप्प बसले होते. उसातून एक भुरी, उंच पायांची मांजर आली. तिने एक पिल्लू तोंडात धरले आणि शेजारच्या शेतात नेले. मग दुसरे. मग तिसरे. लोक उठू लागले, तेवढ्यात ती परत आली. या वेळी ती पाचटाकडे गेली नाही. सरळ उभ्या उसात शिरली आणि चौथे पिल्लू घेऊन बाहेर आली. ते कोणाला दिसलेच नव्हते.

तात्यासो हळूच म्हणाले, “आत आनि एक हुतं व्हय.”

मित्रांनो, आता मी अगदी विरलो आहे. अनुजा मला वहीत घडी घालून जपते. तुमच्याही घरी असा एखादा जुना टेप असेल. त्याला बाहेर काढा, ओढ्याकाठी न्या. आणि एखाद्या रानच्या जिवाची भीती वाटली, तर काठी उचलण्याआधी एकदा वाकून त्याचे पाऊल मोजा.